दगड मांडले कशासाठी? इंदूरहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

शिळावर्तुळाचा, म्हणजे गोल मांडलेल्या मोठ्या दगडांचा, फोटो दाखवला की समोरच्याचा निकाल तयारच असतो. कोणी म्हणतं वेधशाळा, कोणी म्हणतं देऊळ, आणि एखादा भाचा असतोच जो थेट परग्रहवासीयांवर येतो. आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत इतिहासाचं वेड कमी नाही, पण ते सहसा मल्हारराव होळकरांपासून सुरू होतं आणि फार मागे गेलं तर राजा भोजापाशी थांबतं. त्याच्याही मागे, लिपी यायच्या आधीच्या काळात शिरायचं तर ना बखर मदतीला येते, ना ताम्रपट.

नवख्यांना मी एकच पथ्य सांगतो. 'कशासाठी' हा प्रश्न खिशात ठेवा आणि सगळ्यात शेवटी काढा. आधी 'इथे काय केलं गेलं' आणि 'कोणत्या क्रमाने केलं गेलं' एवढंच पाहा. या दोन प्रश्नांची उत्तरं दगड, माती, हाडं यांतून मिळू शकतात. तिसऱ्याचं मिळालंच तर या दोहोंच्या पोटातून मिळतं, वेगळं कुठून येत नाही.

दगड माणसाने मांडलेत का, ते आधी ठरवा

देवास जिल्ह्यात बागलीच्या बाजूला कावडिया पहाड आहे. षटकोनी दगडी खांब एकावर एक रचून ठेवावेत तसे तिथे ढीगच्या ढीग पडलेत. भीमाने रचले, असं आसपासचे लोक सांगतात, आणि पाहिल्यावर ते खोटं म्हणवत नाही, इतकी त्यांची घडण रेखीव. पण हा बसाल्ट आहे. लाव्हा निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे पाच-सहा बाजूंचे खांब सोडून जातात. तिथे एकदा जाऊन या. रेखीव दिसलं म्हणजे माणसाने घडवलं, हा समज तिथे उभ्या उभ्या गळून पडतो.

माळव्यात आणखी तीन फसव्या गोष्टी भेटतात. काळ्या मातीचं शेत नांगरताना निघालेले धोंडे शेतकरी बांधावर टाकत जातो, आणि पन्नास वर्षांत तो ढीग पुरातन दिसू लागतो. गावाच्या शिवेवरचा दगड शेंदूर लावून पुजला जातो. वीरगळ आणि सतीशिळा जुन्या खऱ्या, पण त्या ऐतिहासिक काळातल्या. घोडेस्वार, तलवार, बांगड्या भरलेला हात, वर चंद्र-सूर्य असं काही कोरलेलं दिसलं की तो विषय वेगळा, वही बंद करा.

माणसाने मांडल्याच्या खुणा साध्या असतात. दगड मोठे आणि एका मापाचे निवडलेले, कडेला गोल ओळीत, आणि आत लहान धोंड्या-मातीची भर बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच. एकच वर्तुळ दिसलं तर शंका ठेवा. जवळपास तशीच आणखी पाच-दहा दिसली तर थांबून नीट पाहा.

उत्तर ठाऊक असलेल्या वास्तूवर हात बसवून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच घोळ होतो. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाबद्दल बोलायच्या आधी राजवाड्याजवळच्या कृष्णपुरा छत्र्यांसमोर अर्धा तास उभं राहा. शिखर आहे, मंडप आहे, खांबांवर नक्षी आहे. सगळे फलक आणि कागद नाहीसे झालेत असं समजा. चार हजार वर्षांनी येणारा उत्खनक याला देऊळ म्हणेल की नाही? म्हणेलच. प्रत्यक्षात ती होळकर घराण्यातल्या माणसांची स्मारकं, दहनाच्या जागी उभारलेली. आणि आजचा वापर पाहाल तर तिथे लोक गप्पा मारायला बसतात, फोटो काढतात, कधी गाण्याचा कार्यक्रमही होतो. बांधलं कशासाठी, वापरलं कसं आणि आज काय चाललंय, यांची तीन उत्तरं एकाच ओट्यावर मिळतात. प्रागैतिहासिक दगडांना तर हजारो वर्षं मिळाली आहेत. त्यांचा हेतू एकच असेल असं धरून चालणं हीच पहिली चूक.

दुसरी फेरी उज्जैनची. सवाई जयसिंहाची अठराव्या शतकातली वेधशाळा बघा, पण फलक वाचू नका. सम्राट यंत्राची तिरपी भिंत किती अंशांत चढते ते मोजा. उज्जैनचं अक्षांश सुमारे २३ अंश आहे आणि भिंतीचा चढही तेवढाच, म्हणजे ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर धरलेली आहे. दोन्ही बाजूंच्या कमानींवर वेळेच्या बारीक रेघा कोरल्यात. शेजारचं शंकुयंत्र वेगळ्या रीतीने त्याच सूर्याचा माग घेतं. म्हणजे फलकाशिवायही तीन पुरावे हाती लागतात: दुसऱ्या कोणत्याही कामाला लागणार नाही असा नेमका कोन, मोजणीच्या खुणा, आणि तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने पडताळणारं साधन. यापुढे कोणी एखाद्या दगडी रचनेला वेधशाळा म्हटलं की या तिघांपैकी काय आहे ते विचारा.

आयर्लंडमधलं न्यूग्रेंज या कसोटीला उतरतं. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचा तो मातीचा प्रचंड ढिगारा, आत दगडी बोळ आणि टोकाला खोली. दाराच्या वर एक स्वतंत्र दगडी झरोका आहे. बोळ आत चढत जातो, त्यामुळे दारातून आलेला उजेड खोलीपर्यंत पोचतच नाही. झरोक्यातून पोचतो, आणि तोही २१ डिसेंबरच्या आसपासच्या चार-दोन सकाळीच. उत्खनन करणाऱ्या मायकेल ओकेली यांनी १९६७ साली आत बसून ते पाहिलं. झरोका नसता तरी बांधकाम उभं राहिलं असतं; म्हणून तो सूर्यासाठीच केला, हे म्हणता येतं. पण त्याच खोलीत जळलेली माणसांची हाडंही मिळाली. तेव्हा 'थडगं की सूर्याचं घर' असा प्रश्न टाकणाऱ्याला तिथे उत्तर मिळत नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे.

क्रम लावा

एका जागी दिसणारे सगळे दगड एकाच दिवशी आले असं डोळा समजतो. स्टोनहेंजला इ.स.पू. ३००० च्या सुमारास गोल खंदक, बांध आणि आत ५६ खड्डे होते, आणि तिथे जाळलेल्या माणसांची हाडं पुरली जात होती. आज फोटोत दिसणारे मोठे सार्सन, म्हणजे कठीण वालुकाश्माचे, दगड सुमारे पाचशे वर्षांनी, इ.स.पू. २५०० च्या आसपास उभे राहिले. लहान निळे दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून, दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून आले. वेदीचा दगड म्हणतात तो तर ईशान्य स्कॉटलंडचा असल्याचं २०२४ साली दगडातल्या खनिजांवरून पुढे आलं. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने लिहिलेल्या कथेत मर्लिन हा जादूगार हे दगड पश्चिमेकडून, आयर्लंडहून आणतो. कथा कथाच आहे, पण 'दगड इथले नाहीत' एवढं लोकांना जाणवत होतं, याची मला गंमत वाटते.

ड्रुइड या प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांशी स्टोनहेंजचं नातं सतराव्या-अठराव्या शतकात जॉन ऑब्री आणि विल्यम स्ट्यूकली यांनी जोडलं. ड्रुइडांचे उल्लेख सापडतात ते दगड उभे राहिल्यावर दोन हजारांहून जास्त वर्षांनंतरचे. क्रम लावला असता तर ही कल्पना सुरुवातीलाच बाद झाली असती. आजही लोक तिला कवटाळून आहेत, तो भाग वेगळा.

तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे दुसऱ्या अर्थाने शिकवतं. इ.स.पू. साडेनऊ हजारच्या सुमाराचे, पाच मीटरच्या वर जाणारे टी आकाराचे खांब. क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून तिथे खोदलं आणि माणसं राहत नव्हती, फक्त जमत होती, असं देऊळ म्हणून ते मांडलं. पुढच्या खोदकामात तिथे राहती घरं आणि पाणी साठवायच्या सोयीही दिसू लागल्या. पुरावा येत गेला तसा निष्कर्ष हलला. असंच व्हायला हवं.

दिशा काढताना मोबाइलवर विसंबू नका

बसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. धोंड्याला खेटून होकायंत्र धरलं की सुई भरकटते, मोबाइलचंही तेच. काठी आणि दोरी घ्या. सपाट जागी काठी ओळंब्याने सरळ उभी करा. काठीच्या उंचीच्या दीडपट दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते. ती आखडत वर्तुळाच्या आत शिरते त्या बिंदूवर खडा ठेवा. दुपारनंतर ती पुन्हा वाढून बाहेर पडते तिथे दुसरा. दोन खडे जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. शुल्बसूत्रांतली, म्हणजे वेदी आखण्याच्या जुन्या ग्रंथांतली, ही रीत यज्ञवेदीसाठी होती, आपल्याही कामाला येते. थंडीत करा, पावसाळ्यात ढग सगळं वाया घालवतात.

आता सूर्याचं. इंग्रजी चित्रफिती पाहून आलेले लोक तिथले कोन इथे शोधतात. स्टोनहेंजपाशी २१ जूनचा सूर्य ठीक पूर्वेच्या उत्तरेला सुमारे ४० अंशांवर उगवतो. इंदूर-नागपूरला तो जेमतेम २५ अंश सरकतो. विषुववृत्ताकडे यावं तसा सूर्योदयाचा वर्षभरातला झोका आखूड होत जातो. शिवाय २१ जूनला आपल्याकडे आभाळ कितपत मोकळं असतं? कोणी विदर्भातल्या दगडांवरून उन्हाळी अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या, सूर्योदयाचा उत्सव मांडला तर मी आधी मृगाच्या ढगांचा हिशेब मागतो. डिसेंबरची सकाळ असेल तर ऐकून घेतो.

योगायोगाचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः एकदा करावा. बारा दगडांचं वर्तुळ घ्या. दोन-दोन दगड जोडले तर ६६ रेघा, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे १३२ दिशा. आता लक्ष्यं मोजा. अयनदिनांचे उदय-अस्त चार, विषुवाचे, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते तेव्हाचे, दोन, चंद्राच्या उदय-अस्ताच्या टोकाच्या जागा आठ, एकूण चौदा. प्रत्येकाला दोन्हीकडे एकेक अंश सूट दिली की क्षितिजाच्या ३६० अंशांपैकी २८ अंश 'बरोबर' ठरतात. १३२ गुणिले २८ भागिले ३६०, उत्तर दहाच्या वर. म्हणजे डोळे मिटून धोंडे टाकले तरी सुमारे दहा 'खगोलीय रेघा' फुकट मिळतात. जेराल्ड हॉकिन्स यांनी १९६३ साली संगणक लावून स्टोनहेंजच्या अशा रेघा जाहीर केल्या तेव्हा उत्खनक रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी घेतलेल्या हरकतींत ही एक ठळक होती. स्टोनहेंजचा मुख्य अक्ष तरीही मान्य आहे, कारण तो निवडलेल्या रेघांपैकी एक नाही. अख्खी रचना आणि तिच्याकडे येणारा रस्ता, दोन्ही त्याच रेषेवर आहेत.

त्या अक्षाला दोन तोंडं आहेत. एका टोकाला उन्हाळ्यातला सूर्योदय, उलट्या टोकाला हिवाळ्यातला सूर्यास्त. लोक नेमके कधी जमत? ते आकाशाने नाही, डुकरांनी सांगितलं. तीन किलोमीटरवरच्या डरिंग्टन वॉल्स या वस्तीत मेजवान्यांतली डुकरांची हाडं ढिगाने निघाली. दातांच्या वाढीवरून बरीच डुकरं नऊ महिन्यांच्या आसपास मारलेली दिसतात. वसंतात जन्मलेलं पिल्लू नऊ महिन्यांचं होतं ते ऐन हिवाळ्यात.

आत काय निघालं आणि शेजारी काय होतं

आपल्याला जवळची मोठी शिळावर्तुळं म्हणजे नागपूरच्या आसपासची. इंदुरात ज्याचं नागपूरला कोणी नाही असं मराठी घर विरळाच, तेव्हा लग्नकार्याला गेलात तर काटोल रोडच्या बाजूला जुनापाणीला एक सकाळ काढा. काळ्या धोंड्यांची वर्तुळं माळावर विखुरली आहेत. बाहेरच्या कडेला मोठे धोंडे, आत गोटे-मातीची भर. काही धोंड्यांच्या पाठीवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेत. ऊन तिरपं असताना जा; भर दुपारी खळगे सावलीअभावी दिसतच नाहीत. बोट फिरवून बघा, नैसर्गिक खड्ड्याची कड ओबडधोबड लागते, कोरलेल्याची आतली बाजू गुळगुळीत. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये या भागातल्या वर्तुळांबद्दल लिहिलं, आणि १९६१ साली बी. के. थापर यांनी जुनापाणीत काही वर्तुळं खोदली.

खळग्यांच्या अर्थाबद्दल जपून बोला, पण त्यांना लागलेले श्रम मात्र सांगता येतात. भानपुऱ्याजवळच्या दरकी चट्टान गुहेच्या भिंतींवर असे पाचशेहून जास्त खळगे आहेत. गिरिराज कुमार यांनी तशाच दगडावर दगडी हातोड्याने खळगा करून पाहिला तेव्हा एका उथळ खळग्यालाही हजारो आघात लागले. विरंगुळा म्हणून जाता जाता केलेलं ते काम नव्हे, इतकं त्यावरून ठामपणे म्हणावं. पुढे जाऊ नये.

श्रमाचा अंदाज वर्तुळाच्या धोंड्यांवरूनही बांधता येतो. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा, ओबडधोबडपणापोटी एक तृतीयांश वजा करा आणि २.८ ने गुणा, टन मिळतात. टनाच्या आतला धोंडा काही घरं मिळून हलवतील. स्टोनहेंजचा सरासरी २५ टनांचा सार्सन हलवायला अनेक वस्त्या एकत्र याव्या लागतात, त्यांना कोणीतरी जेवू घालावं लागतं. म्हणजे आकारमानावरून देव कळत नाही, पण समाजाची जमवाजमव कळते.

नागपूरजवळच्या माहुरझरीला शां. भा. देव यांनी १९७० च्या दशकात केलेल्या खोदकामात वर्तुळांच्या पोटात माणसांची हाडं, लोखंडी हत्यारं, मडकी, मणी आणि तांब्याच्या दागिन्यांसह पुरलेले घोडे मिळाले. काळ ढोबळमानाने इ.स.पू. पहिल्या सहस्रकाचा. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. टाकळघाटला वस्ती आणि खापाला वर्तुळं, अशी जोडीही हाती आली. एवढ्यावर 'ही दफनं आहेत' म्हणणं रास्त आहे, पण प्रत्येक वर्तुळात अख्खा सांगाडा मिळत नाही. कुठे मोजकीच हाडं असतात, कुठे नुसती मडकी. हाडं मातीत विरली असतील, किंवा देह दुसरीकडे ठेवून नंतर थोड्या अस्थी इथे आणल्या असतील. दोन्ही शक्यता लिहून ठेवा. आणि घोडा दागिन्यांसह गेला, तर तो कोणाचाही घोडा नव्हता. मेलेल्या माणसाइतकंच जिवंत राहिलेल्यांचा तोरा दाखवणंही त्या दफनात आहे, असं मला वाटतं.

जिवंत परंपरेला विचारा, पण तिच्या तोंडी शब्द घालू नका

झाबुआ-अलिराजपूरच्या रस्त्याला लागलात की भिल्ल पाड्यांच्या कडेला कोरीव उभे दगड दिसतात. ते गातला. अकाली गेलेल्या माणसाच्या नावाने ते बसवतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावरचा स्वार, आजकाल रंगही भरलेला असतो. मेघालयात जैंतिया लोकांनी नार्टियांगला उभारलेले प्रचंड दगड आहेत, बस्तरमध्ये माडिया गोंड आपल्या मृतांसाठी दगड उभे करत आले आहेत. ही उदाहरणं कामाची अशासाठी की दगड उभा करण्यामागे किती तऱ्हेची कारणं असतात ते कळतं: घराण्याचा मान, आत्म्याची शांती, जमिनीवरचा हक्क, दिलेल्या जेवणाची आठवण. ही यादी शक्यतांची आहे. भिल्ल असं करतात म्हणून तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भातही हेच होतं, ही उडी मारू नका.

आणि पाड्यावर जाल तेव्हा गातल्याला हात लावायच्या आधी घरच्यांना विचारा. तो कोणाचा तरी बाप किंवा मुलगा आहे.

दंतकथांनाही जागा द्या. कर्नाटकात हिरेबेनकलच्या दगडी खोल्यांना मोरेर नावाच्या बुटक्या लोकांची घरं म्हणतात, इतरत्र अशाच रचना पांडवांच्या नावावर आहेत. बांधणाऱ्यांबद्दल त्या काही सांगत नाहीत, पण ही जागा आपल्या आधीच्या कोणाची तरी आहे, हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या मान्य केल्याचं त्यांतून दिसतं. त्या मान्यतेमुळेच कित्येक दगड आजवर वाचले.

टिपण कसं लिहाल

पानाचे तीन भाग पाडा. पहिल्यात दिसलं ते: 'सोळा धोंडे, आतली भर गुडघाभर उंच, दोन धोंड्यांवर खळगे.' दुसऱ्यात त्यावरून निघतं ते: 'माणसाने रचलेलं, माहुरझरीसारख्या दफनाशी जुळणारं.' तिसऱ्यात वाटतं ते, आणि त्याखाली हे खोटं ठरायला काय सापडावं लागेल ते. तिसऱ्या भागात दुसरी ओळ सुचत नसेल तर पहिलीही खोडा. 'पूजाविधीसाठी' हा शब्द मी नवख्यांना पहिली काही टिपणं वापरूच देत नाही; ज्याचं कारण कळत नाही ते सगळं त्यात कोंबता येतं.

नोंद नसलेलं वर्तुळ सापडल्यासारखं वाटलं तर फोटोत माप कळेल अशी वस्तू ठेवा, चारही दिशांनी फोटो घ्या, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश उतरवून घ्या आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवा. एक खडाही उचलू नका, खुरपं तर नाहीच. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळी खोदणं गुन्हा आहे, आणि उचकटलेल्या थरातून क्रम पुन्हा कधीच लावता येत नाही. जागेचा नकाशा इन्स्टाग्रामवर टाकू नका. गुप्तधन शोधणारे तो तुमच्या आधी वाचतात. शेतमालकाला मात्र सांगा, शक्यतो त्याच दिवशी, कारण पुढच्या नांगरटीला दगड बाजूला सारायचे की नाहीत हे तोच ठरवणार आहे.